जुन्या कॅरॅव्हॅनला नवा एसी: विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकेल अशी निवड आणि जोडणी

एसीच्या खोक्यावर छापलेला ‘एक टन’ हा थंडाव्याच्या ताकदीचा आकडा बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे असे गृहीत धरून मोजलेला असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला या पट्ट्यात एप्रिलच्या मध्यापासून नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) संपेपर्यंत दुपारचा पारा ४३ ते ४५ अंशांच्या घरात असणे नित्याचे आहे, आणि कॅरॅव्हॅनच्या छपरावर बसवलेले यंत्र तर तापलेल्या पत्र्यालगतची त्याहूनही गरम हवा ओढत असते. त्यामुळे शहरातल्या सिमेंटच्या खोलीसाठी जो हिशेब चालतो, तो शेतात उघड्यावर उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ डब्याला लावला, तर नवे यंत्र आणूनही दुपारी दोन वाजता आतले माणूस घामाघूमच राहते.

महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आणि कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आले. ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा बाजूला किंवा पेंचच्या सिल्लारी परिसरात ज्यांची शेती आहे आणि ज्यांनी जुनी कॅरॅव्हॅन घेऊन ती पाहुण्यांसाठी बांधावर उभी केली आहे किंवा करायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक असते आणि गाभा क्षेत्र पावसाळ्यात तीन महिने बंद राहते, म्हणजे पाहुणा येतो तो नेमका एसीच्या कसोटीच्या काळात.

जुने यंत्र दुरुस्त करावे का?

बहुतेक वेळा करू नये. परदेशातून आलेल्या, विशेषतः अमेरिकी बनावटीच्या कॅरॅव्हॅनवरचे छतावरचे यंत्र ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालण्यासाठी बनवलेले असते. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असते. मधे ट्रान्सफॉर्मर बसवून व्होल्टेज उतरवता येते, पण हर्ट्झ बदलत नाहीत. मोटर व कॉम्प्रेसर सुमारे सहाव्या हिश्शाने संथ फिरतात, थंडावा घटतो आणि मोटर तापते. युरोपीय बनावटीच्या गाडीला ही अडचण नसते, कारण तिथली वीज आपल्यासारखीच आहे. मात्र त्या यंत्राचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत नाहीत.

दुसरा प्रश्न गॅसचा आहे. जुन्या यंत्रांत बहुधा आर-२२ असतो आणि मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. एखादा मेकॅनिक ‘यातच नवा गॅस भरून देतो’ म्हणाला, तर त्याला थांबवावे. आर-३२ आणि आर-४१०ए या नव्या गॅसांचा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो. जुन्या कॉइलची नळी त्यासाठी बनवलेली नसते आणि कॉम्प्रेसरमधले तेलही त्या गॅसशी जुळत नाही. पंखा, कपॅसिटर किंवा थर्मोस्टॅट एवढाच दोष असेल आणि यंत्र २३० व्होल्टचे असेल, तरच दुरुस्तीवर पैसे घालावेत.

यंत्र घेण्याआधी उष्णतेचा हिशेब

‘इतक्या चौरस फुटांना इतका टन’ हे कोष्टक येथे बाजूला ठेवावे लागते. सोळा फूट लांब, सात फूट रुंद आणि आतून साडेसहा फूट उंच अशी एक कॅरॅव्हॅन घेऊ. तिचे छप्पर सुमारे साडेदहा चौरस मीटरचे, फरशी तेवढीच, खिडक्या वगळता भिंती साधारण २५ चौरस मीटर आणि काचा ३ चौरस मीटर धरू. भिंतीत जुनी, दबलेली ग्लासवूल आहे आणि मधे लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत असे मानले, तर आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशामागे चौरस मीटरला दीड वॅट उष्णता आत येते असे समजायला हरकत नाही.

बाहेर ४५ आणि आत २६ अंश हवे असतील, तर फरक १९ अंशांचा. पण उन्हातले छप्पर ४५ वर थांबत नाही. ते सहज ७० अंशांपर्यंत जाते, म्हणून छपरासाठी फरक ४४ अंशांचा होतो आणि एकट्या छपरातून सुमारे ६८५ वॅट उष्णता आत उतरते. उन्हाच्या भिंती थोड्या जास्त तापतात असे धरून त्यांतून सव्वाआठशे वॅट, फरशीतून ३०० च्या आसपास, काचांतून तापमानामुळे ३३० आणि थेट उन्हामुळे साडेचारशे, दोन माणसांचे २४०, फ्रिज-दिव्यांचे २००, फटींतून शिरणाऱ्या हवेचे दोनशे. बेरीज ३,२०० वॅटच्या पुढे जाते. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट. कागदावर एक टनाचे यंत्र पुरेसे वाटते. पण ४५ अंशांत त्याच यंत्राची ताकद घटलेली असते आणि ते जेमतेम ३,००० वॅट उष्णता बाहेर टाकते असे धरावे. म्हणजे ऐन दुपारी ते हरते.

आता त्याच कॅरॅव्हॅनवर मांडव घालू. छपरापासून दीड-दोन फूट उंच, चारही बाजूंनी वारा खेळेल असा, आणि दक्षिण-पश्चिमेकडे खिडक्यांवर सावली पडेल इतका पुढे आलेला. छपराचा भाग ६८५ वरून ३०० च्या खाली येतो, काचांमधले ऊन साडेचारशेवरून शंभरावर येते, भिंतींचेही शंभरेक वॅट कमी होतात. एकूण बेरीज २,४०० च्या आसपास येते. जवळजवळ पाव टन थंडावा केवळ सावलीने मिळतो, आणि तो रोज मिळतो, लाइन असो वा नसो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की मांडवाचा खर्च एसीच्या खर्चातच धरावा आणि मांडव आधी घालावा. बल्ल्या आणि बांबूच्या ताट्यांचा, वर पऱ्हाट्या किंवा गवत टाकलेला मांडव हिरव्या शेडनेटपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण नेटमधून ऊन झिरपत राहते. लोखंडी पत्र्याची छपरी करायची असेल तर पत्रा पांढरा घ्यावा आणि तो कॅरॅव्हॅनला टेकू देऊ नये. मधली हवाच खरे काम करते. गवताचा मांडव चुलीपासून आणि जनरेटरच्या धुराड्यापासून लांब असावा, हे वेगळे सांगायला नको.

मांडव शक्य नसेल किंवा गाडी फिरती असेल, तर छपराला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा आणि काचांना आतून पडदा लावण्याऐवजी बाहेरून ताटी किंवा चिकाचा पडदा लावावा. काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्याने अडत नाही. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. दाराचे रबर, छपराच्या झडपा आणि चाकांच्या कमानींजवळच्या फटी याच वेळी बुजवून घ्याव्यात.

छतावरचा, खिडकीतला की स्प्लिट?

छतावरचे एकसंध यंत्र दिसायला मूळ गाडीशी शोभते आणि आतली जागा खात नाही. त्यासाठी छपरात ठरलेल्या मापाचे, १४ इंच गुणिले १४ इंचांचे, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटरचे चौकोनी भोक असते. जुन्या यंत्राच्या जागी तेच माप चालते ही त्याची मोठी सोय. परंतु ते ३५ ते ४५ किलोंचे असते, आपल्याकडे बहुधा मागवून घ्यावे लागते, आणि बिघडले की छपरावर चढून काम करणारा मेकॅनिक गावात मिळत नाही. जंगलालगतच्या गावांत वानरांच्या टोळ्या छपरावर उड्या मारतात. प्लॅस्टिकचे झाकण एका हंगामापुरते टिकले तरी नशीब समजावे. नव्याने घ्यायचेच असेल, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ हे दोन्ही आकडे पाटीवर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विंडो एसी सीलबंद असतो, त्यात जागेवर जोडायची नळी नसते आणि गचके सोसण्याची त्याची तयारी स्प्लिटपेक्षा अधिक असते. गाडी वर्षातून काही वेळा हलवायची असेल तर तो उत्तम. त्याचे वजन ४० ते ५० किलो असल्याने तो कुठे बसवायचा, हे महत्त्वाचे ठरते. अगदी मागच्या भिंतीत एवढे वजन टांगले, तर हुकावरचा भार हलका होतो आणि रस्त्यावर ओढताना ट्रेलर डोलू लागतो. हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून पुढच्या भिंतीत, ओढायच्या दांड्याच्या वर, खालून दांड्यावर टेकू देऊन विंडो एसी बसवणे सर्वांत सुरक्षित.

गाडी कायमची उभी असेल, तर इन्व्हर्टर स्प्लिट घ्यावा, म्हणजे आतला (इनडोअर) आणि बाहेरचा (आउटडोअर) असे दोन भाग असलेला आणि गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा एसी. आवाज कमी, वीज कमी, सुरू होताना झटका कमी, आणि तालुक्याला दुरुस्त करणारा माणूस मिळतोच.

कूलरचा विचार इथे कोणी टाळू शकत नाही. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत, बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता दहा-पंधरा टक्के असताना, लाकडाच्या भुश्शाची किंवा वाळ्याची ओली ताटी हवा २६-२७ अंशांपर्यंत खाली आणू शकते आणि एसीच्या एक पंचमांशापेक्षाही कमी विजेत हे काम होते. पण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर, उकाडा सुरू झाला की तोच कूलर चिकट वारा फेकतो. शिवाय टाकीत रोज भरायचे पाणी कुठून आणायचे, हाही प्रश्न असतो. दोन्ही ठेवायचे असतील तर अवश्य ठेवावेत, मात्र एकाच वेळी चालवू नयेत: कूलरला खिडकी उघडी लागते आणि एसीला बंद, आणि कूलरने हवेत सोडलेले पाणी पुन्हा गाळून काढण्यातच एसीची ताकद खर्च होते.

पाटीवरचे आकडे

दुकानात तारे पाहून निवड करण्याची सवय आहे. तारे ज्या आयएसईईआर या आकड्यावरून दिले जातात, तो २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानाचा वर्षभराचा हिशेब असतो. आपल्या कसोटीचे दिवस या हिशेबाच्या बाहेर पडतात. त्यामुळे ताऱ्यांबरोबरच दोन गोष्टी विचाराव्यात. एक, यंत्र बाहेरच्या किती तापमानापर्यंत चालते; ५० ते ५२ अंश लिहिलेले असेल तर बरे. दोन, ४६ किंवा ४८ अंशांत ते किती वॅट थंडावा देते. काही कंपन्या हा आकडा माहितीपत्रकात देतात. ४६ अंशांच्या कसोटीला टी-३ म्हणतात आणि ३५ अंशांच्या कसोटीला टी-१. ‘५० अंशांतही चालतो’ म्हणजे बंद पडत नाही एवढेच. पूर्ण ताकदीने चालतो असा त्याचा अर्थ होत नाही.

वरच्या हिशेबातल्या कॅरॅव्हॅनला मांडव असेल तर एक टनाचा इन्व्हर्टर पुरतो. मांडव नसेल तर दीड टन लागतो, पण तोही इन्व्हर्टरच असावा, कारण एवढ्याशा जागेत दीड टनाचे साधे यंत्र पावसाळ्यात पाच मिनिटांत हवा गार करून बंद पडते आणि दमटपणा तसाच ठेवते. कॉइल तांब्याचे घ्यावे. छिद्र पडले तर झाळ लावून ते गावातच दुरुस्त होते.

आर-३२ हा गॅस मंद ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साठतो. घाबरण्याचे कारण नाही, पण कॅरॅव्हॅनमध्ये शेगडी असते आणि जागा लहान असते. यंत्राच्या माहितीपत्रकात किमान खोलीचे क्षेत्रफळ दिलेले असते. आपली दहा चौरस मीटरची खोली त्यात बसते का ते पाहावे आणि नळीचे सगळे जोड शक्यतो बाहेर ठेवावेत.

लाइन, वायर आणि अर्थिंग

यंत्र विकत घेण्याआधी आठवडाभर व्होल्टेज मोजावे. दुपारी तीनला, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि शेतीपंपांना लाइन मिळते त्या पाळीत. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) लाइनच्या टोकाला असलेल्या वस्तीत रात्री १८० च्या खाली जाणारे व्होल्टेज काही अपवाद नव्हे. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे लिहिलेल्या इन्व्हर्टर एसीचीही एक खालची मर्यादा असते; ती आपल्या वहीतल्या सर्वांत कमी आकड्याच्या खाली आहे का, ते पाहावे. नसेल तर दीड टनापर्यंतच्या यंत्रासाठी ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर, लाइन परत आल्यावर तीन मिनिटे थांबून सुरू होणारा, घ्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवरून पाहुण्यांच्या खोलीचा एसी चालवता येत नाही. तो वापर वेगळ्या वर्गात मोडतो आणि महावितरणकडून त्यासाठी योग्य जोडणी घ्यावी लागते.

मीटरपासून कॅरॅव्हॅन लांब असेल तर वायरची जाडी निर्णायक ठरते. समजा अंतर ६० मीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तांबे. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे ०.९ ओहमचा रोध तयार होतो. एक टनाचा एसी चालताना ५-६ अँपिअर घेतो, तेव्हा पाचेक व्होल्टच पडतात. पण साधा, इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ३० अँपिअरपर्यंत ओढतो आणि तेव्हा २७ व्होल्ट पडतात. लाइन आधीच १८० ची असेल तर यंत्रापर्यंत १५३ पोहोचतात आणि कॉम्प्रेसर गुरगुरून थांबतो. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हीच घट १६-१७ व्होल्टवर येते. वायरमधले पैसे वाचवून स्टॅबिलायझरवर घालणे हा उफराटा व्यवहार आहे.

गाडीतली जुनी वायरिंग एसीसाठी वापरू नये. मुख्य पेटीपासून स्वतंत्र लाइन, त्यावर १६ किंवा २० अँपिअरचा सी वर्गाचा एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच), जमिनीखालून पाइपमध्ये आर्मर्ड केबल, आणि आत प्लगऐवजी आयसोलेटर.

अर्थिंगच्या बाबतीत जराही सवलत घेऊ नये. घराच्या भिंतीतून वीज सहसा पसरत नाही, पण कॅरॅव्हॅन ही रबरी टायरांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली धातूची पेटी आहे. एक वायर सोलली गेली की गाडीच्या संपूर्ण अंगात वीज उतरते आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने दाराची मूठ धरली की झटका त्याच्यातून जातो. चासी आणि बाहेरचा पत्रा दोन्ही जाड हिरव्या वायरने अर्थ खड्ड्याला जोडावेत. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थच्या दांड्यापासून सुटते आणि रोध वाढतो, म्हणून खड्डा खोल घ्यावा, कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट भरावे आणि मार्चपासून त्यात पाणी ओतत राहावे. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. हे सगळे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

जनरेटर ठेवणार असाल तर साध्या एक टनाला किमान ३ केव्हीए लागतो. इन्व्हर्टर एसी त्याहून लहान जनरेटरवर चालतो. जनरेटर कॅरॅव्हॅनपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. त्याचा धूर बंद खोलीत शिरला तर जीव जातो.

जुने यंत्र उतरवणे

आधी मुख्य स्विच बंद करून वायर टेस्टरने तपासावी. गॅस हवेत सोडून न देता मेकॅनिककडून सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. आतले झाकण काढल्यावर चार लांब बोल्ट दिसतात; ते सोडवले की यंत्र फक्त डिंकासारख्या झालेल्या जुन्या गास्केटवर चिकटलेले असते. ते ओढू नये. दोन माणसांनी दोन बाजूंनी पातळ पट्टी सरकवून सोडवावे आणि उचलून घ्यावे, कारण ओढले की पत्रा फाटतो. छपरावर थेट पाय न ठेवता पाट्या आडव्या टाकून चढावे.

यंत्र निघाल्यावर भोकाच्या कडेचे लाकूड टोच्याने टोचून पाहावे. टोच्या सहज आत शिरत असेल तर लाकूड कुजले आहे, आणि अनेक वर्षे गळलेल्या गाड्यांत ते बहुधा कुजलेलेच असते. कुजका भाग कापून नवे सागाचे तुकडे घालावेत. भोक वापरायचे नसेल तर ते वाया घालवू नये: तिथे जाळीची आणि उघडणारी झडप बसवावी, शक्य असल्यास बाहेर हवा फेकणाऱ्या छोट्या पंख्यासह. कॅरॅव्हॅनच्या भिंतीत गारवा साठत नाही. लाइन गेली की काही मिनिटांत आतले तापमान चढू लागते, आणि रात्री उशिरा लाइन गेल्यावर वरून गरम हवा निघून जायला वाट असणे ही सुखसोय नसून गरज आहे. कडेला ब्यूटाइल टेप, वर पत्रा किंवा झडपेची चौकट, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आणि स्क्रूच्या डोक्यांवर सीलंट. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला लावू नयेत. पावसाळ्यात दोन्ही धातू एकमेकांना खातात.

स्प्लिटची जोडणी

पहिला निर्णय आउटडोअर कुठे ठेवायचा हा, आणि इथेच आपल्या मातीचा विचार करावा लागतो. बहुतेक जण जमिनीवर सिमेंटचा ओटा करून त्यावर आउटडोअर ठेवतात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ओटा एकीकडे कलतो, कॅरॅव्हॅन दुसरीकडे, आणि मधली तांब्याची नळी दरवर्षी थोडी थोडी ताणली जाऊन फ्लेअरच्या (नळीचे तोंड पसरवून नटाने आवळलेल्या) जोडाशी गळू लागते. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. म्हणून आउटडोअर कॅरॅव्हॅनच्याच चासीवर, पुढच्या दांड्यावर लोखंडी चौकट वेल्डिंग करून बसवावे, म्हणजे दोन्ही एकत्र हलतील. वेल्डिंग करताना गाडीची बॅटरी सोडवून ठेवावी, जवळच्या लाकडावर ओले पोते टाकावे आणि पाण्याची बादली हाताशी असावी. चौकट आणि यंत्र यांच्यामध्ये जाड रबरी बुश घालावेत. खुद्द कॅरॅव्हॅनखालीही मुरूम भरून, दाबून, मग ठोकळे लावावेत.

आउटडोअरच्या मागे किमान एक वीत मोकळी जागा आणि पुढे गरम हवा निघून जायला पाच-सहा फूट मोकळे असावेत. ते मांडवाच्या सावलीत यावे, पण मांडवाच्या ताट्यांनी बंदिस्त होऊ नये. वानरांसाठी भोवती रुंद छिद्रांच्या वेल्डमेशचा पिंजरा करावा; बारीक जाळी लावली तर वारा अडतो.

इनडोअर आठ-दहा किलोंचे असते, तरी तीन-चार मिलिमीटरच्या जुन्या प्लायवर त्याची पट्टी थेट मारू नये. आधी १२ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा भिंतीतल्या उभ्या पट्ट्यांना स्क्रूने पक्का करावा आणि त्यावर पट्टी लावावी. वर छताशी माहितीपत्रकात सांगितलेली मोकळी जागा ठेवावी, कारण हवा वरून ओढली जाते. साडेसहा फुटांच्या खोलीत हे माप आधी पेन्सिलने भिंतीवर काढून पाहावे. वाऱ्याचा झोत झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर न येता गाडीच्या लांबीच्या दिशेने जावा.

नळीसाठी भिंतीत पाडायचे भोक बाहेरच्या बाजूला थोडे खाली उतरते ठेवावे आणि त्यात पीव्हीसीची नळकांडी बसवावी, नाहीतर पत्र्याची धार वायरला कापते. बऱ्याच कंपन्या किमान तीन मीटर नळी ठेवायला सांगतात; अंतर कमी असेल तर उरलेली नळी कापण्याऐवजी आडवा वळसा देऊन बांधावी, त्याने थरथरही शोषली जाते. दोन्ही नळ्यांवर वेगवेगळे नायट्राइल रबराचे आवरण हवे. फ्लेअर नव्याने काढावा, त्यावर यंत्रातल्या तेलाचा थेंब लावावा आणि नट टॉर्क पान्याने आवळावा: पाव इंच नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि तीन अष्टमांश इंच नळीला ३४ ते ४२. अंदाजाने ‘आणखी थोडा’ आवळलेला नट फ्लेअरला तडा देतो.

त्यानंतर नायट्रोजन भरून, माहितीपत्रकातल्या दाबापर्यंत, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती पाहावी. मग व्हॅक्यूम पंप लावावा आणि ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) उतरल्यावर पंप बंद करून काही वेळ काटा चढतो का ते पाहावे. गावोगावी एक आखूड मार्ग रूढ आहे: पंप न लावता आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा ‘ढकलून’ देतात. यात ओलावा आतच राहतो, तेल खराब होते आणि कॉम्प्रेसर अकाली जातो. आर-३२ च्या बाबतीत तर तो गॅस ठिणगीजवळ मोकळा सोडणेही धोक्याचे. मेकॅनिक ठरवतानाच पंप आणि टॉर्क पाना आहे का, हे विचारून घ्यावे.

पाण्याची नळी सतत उताराने, मीटरला किमान एक सेंटिमीटर, खाली जावी. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत एसीतून पाणी फारसे निघतच नाही, त्यामुळे चुकीचा उतार लक्षात येत नाही. तो जुलैत पाहुण्याच्या उशीवर थेंब पडल्यावर कळतो. बसवल्या दिवशीच इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओतून ते सगळे बाहेर येते का, ते पाहावे.

विंडो एसी असेल तर

कापण्याआधी भिंतीतल्या उभ्या पट्ट्या कुठे आहेत ते ठोकून शोधावे आणि भोकाभोवती चारही बाजूंनी लाकडी चौकट बसवावी. कॅरॅव्हॅनची भिंत जेमतेम दीड-दोन इंच जाड असल्याने यंत्राचा बहुतांश भाग बाहेर येतो. बाजूच्या जाळ्या पूर्णपणे भिंतीबाहेर राहायलाच हव्यात, कारण बाहेरचा पंखा तिथूनच हवा घेतो. मागची बाजू सुमारे एक सेंटिमीटर खाली उतरती ठेवावी. सगळे वजन खालच्या अँगलवर यावे, भिंतीवर नाही.

चाचणी

चाचणी सकाळी करून उपयोग नाही. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, सगळ्या खिडक्या बंद करून, वीस मिनिटे चालवल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेतला फरक साध्या थर्मामीटरने मोजावा. तो ८ ते १२ अंशांच्या दरम्यान असेल तर यंत्र ठीक आहे. तरीही खोली २८ च्या खाली येत नसेल, तर दोष सावलीत किंवा फटींत शोधावा, गॅसमध्ये नव्हे. याच वेळी क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून वहीत लिहून ठेवावेत, पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडतात. पाहुण्यांना २६ अंश आणि मंद पंखा असे लावून द्यावे. रिमोटवर १६ केल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र थांबायचे विसरते.

वर्षभराची निगा

हंगामात फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा. आउटडोअरचे कॉइल वर्षातून दोनदा स्वच्छ करावे: एकदा मार्चच्या सुरुवातीला आणि एकदा सोयाबीन मळणी आटोपल्यावर, कारण मळणीयंत्राचा भुसा पंख्याने ओढला जाऊन कॉइलवर नमद्यासारखा थर धरतो. पाणी आतून बाहेर, हलक्या दाबाने मारावे. गाड्या धुण्याच्या पंपाने पात्या वाकतात. आउटडोअरच्या सर्किट कार्डवर पाल चढून शॉर्ट होणे हे खेड्यात कार्ड जळण्याचे एक नेहमीचे कारण आहे, म्हणून वायरीच्या भोकांभोवती पुट्टी भरावी. पाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, नाहीतर कुंभारीण माशी त्यात मातीचे घर करते.

गाडी हलवायची झाल्यास स्प्लिटचा गॅस आधी आउटडोअरमध्ये ओढून घेऊन दोन्ही झडपा बंद कराव्यात, पिंजऱ्याचे आणि रबरी बुशांचे नट तपासावेत आणि नव्या जागी पोहोचल्यावर जोडांना पुन्हा साबणाचा फेस लावावा. विंडो एसीला मागून आणि खालून पट्ट्याने आवळावे, आणि प्रवासानंतर तो लगेच सुरू न करता तासभर सरळ उभा राहू द्यावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल खाली बसते.